कोरं कपाळ

"त्यास्नी सांग, चहा झालाय," आई म्हणाली.

आबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मधे फक्त शेगडी.

"आबा, चहा झालाय."

"तिला सांग, साखर कमी घाल म्हणावं."

"आई, साखर..."

"आलं ऐकायला. मी काय बहिरी न्हाई. त्यास्नी सांग, साखर घालून झालीया. लईच गोड लागला तर समोर समुद्र हाय, त्यातलं पाणी वता म्हणावं."

मी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मिरजेहून निघाल्यापासून मी गाडीही चालवत होते आणि टपालही वाटत होते. दोघांच्या मधे बसून हा धंदा करणाऱ्या पोरांना सरकारनं पेन्शन द्यायला पाहिजे, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

गाडी म्हणजे एका शाळेनं भंगारात काढलेली जुनी मिनीबस. आबांनी ती घेतली, सीटा उपटल्या, दोन बाकं बसवली. बाकं ओढली की पलंग. मागं ओटा, टपावर पाण्याची टाकी. संडासाचीही जागा काढली होती, पण आई म्हणाली, "जितं भाकरी थापायची, तितंच तसलं? माझ्या जिवात जीव असस्तोवर न्हाई." मग तिथं चटणीचे डबे गेले. शहरातली माणसं अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. आमच्या गल्लीनं तिला 'तातोबाचं बिऱ्हाड' म्हटलं.

तातोबा पेंटर म्हणजे आमचे आबा. मिरजेच्या बाहेर हायवेला ट्रकच्या बॉड्या बांधायचा अड्डा आहे, तिथं त्यांनी उभा जन्म ट्रक रंगवले. मोर, कमळं, डोंगरामागनं उगवणारा सूर्य, आणि अक्षरं. मी नववीत शाळा सोडली. पण वाचायला मी शाळेत शिकलेच नव्हते, ट्रकांवरून शिकले. माझं पहिलं पुस्तक दहा चाकांचं होतं. प्रत्येक गाडीवर कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात आबांची सही असायची: तातोबा पेंटर, मिरज. ती सही पार आसामपर्यंत फिरून आली. उजाडायच्या आत ड्रायव्हर दारात येऊन बोंब ठोकायचे, "ओ तातोबा पेंटर! गाडी थांबलीया!" आणि आबा तोंडातल्या मिश्रीसकट उठून पळायचे. घरात कुणी मेलं असतं तरी त्या हाकेला ते उठले असते.

समोरच्या काचेवर जी आडवी पाटी असते, तिला अड्ड्यावर 'कपाळ' म्हणतात. गाडीचं नाव तिथं लिहायचं. मालक येऊन सांगणार, आईचं घाला, पोरीचं घाला, नाहीतर लाजत लाजत, मंडळींचं घाला. किती शोभा आणि किती मंगल आबांनी गाड्यांच्या कपाळावर बसवल्या, त्याला हिशेब नाही. एक बहाद्दर तर दोन गाड्यांवर दोन बायकांची नावं घालून दोन्ही गाड्या एकाच दिवशी अड्ड्यावर आणून उभा राहिला होता.

आणि स्वतःच्या गाडीचं कपाळ आबांनी कोरं ठेवलं.

बाकी सगळी गाडी नवरीसारखी नटवली. बाजूला लाटा, दारावर मोर, मागं 'सावकाश या, चहा आहे' असं झोकात लिहिलं. वर मात्र नुसता पिवळा रंग. पूजेच्या दिवशी शेजारची यमुनाकाकू आईला कोपरानं ढोसत म्हणाली, "तुजंच नाव घालणार असतील गं इंदे, आणि कुणाचं?" आई पासष्टीची बाई, पण लाजली. मी बघितलं. काकू तशी सोडणारी नव्हती. तिनं आबांना सगळ्यांसमोर विचारलं.

आबांनी मान खाजवली. म्हणाले, "सुचलं न्हाई अजून."

पाहुणे गेल्यावर आईनं नारळाच्या करवंट्या उचलता उचलता एकच वाक्य टाकलं. "जगाच्या बायकांची नावं सुचली. माझ्या येळला कपाळ कोरं. नवरा जिता असताना."

त्या वाक्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

मग सहलीला आली कशाला? तर वेंगुर्ल्याला तिची बहीण राहते, मंजुळामावशी. निघताना आईनं मला मोरीत गाठून सांगितलं, "मला मंजुळाकडं उतरव. तुमी जावा माघारी."

"किती दिवस राहणार?"

"मी परत यायची न्हाई, कले."

असं बायका बोलतात. पण रत्नागिरीच्या पुढं मी तिच्या पिशवीत कंगवा शोधायला हात घातला, तर हाताला फडक्यात बांधलेला अंबाबाईचा टाक लागला. आमच्या देव्हाऱ्यातली ती चांदीची प्रतिमा, तिच्या सासूनं तिच्या हातात दिलेली. देव घेऊन निघालेली बाई परत येत नसते. मी कंगवा न घेताच पिशवी बंद केली.

देवगडच्या पुढं आई पाणी भरायला उतरली, तेव्हा मी आबांना सांगितलं, "ती टाक घेऊन निघालीय. उद्या वेंगुर्ला."

"बगितलंय मी."

"मग बोला की काहीतरी. रंगाचे डबे आहेत बाकाखाली. नाव लिहा त्या पाटीवर आणि मिटवा."

"कुठलं?" आबा म्हणाले.

"कुठलं म्हणजे? बायकोचं! एवढंही मीच सांगू?"

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. मला असा संताप आला की मी गिअर टाकताना गाडीच्या आई-बापाचा उद्धार केला.

वाघखडपची बत्ती, म्हणजे तिथलं दीपगृह, वाटेत लागली ती त्याच दिवशी, ऊन कलल्यावर. कड्याच्या टोकाला इंग्रजांच्या काळातला काळ्या दगडाचा मनोरा, वर काचेचं डोकं. रस्त्यावर पाटी होती, 'ऐतिहासिक दीपगृह'. आईनं लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेलं, की समुद्रात एक दिवा असतो आणि तो कधी झोपत नाही. ती म्हणाली, "ह्यो बगू. मग कुठं बगायला मिळतंय."

दारात परुळेकर म्हणून एक कर्मचारी होता. वर जाणाऱ्याचं नाव-गाव विचारायचा.

"नाव काय तुमचा, मावशी?"

"इंदुमती."

"पुरा सांगा. घोवाचा नाव?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "सांग की गं."

नवरा दोन पावलांवर चपलेतली वाळू झटकत उभा, आणि ही बाई त्याचं नाव मला विचारते. मी तिथंच फुटले. "आई, तोंड झडतं का नाव घेतलं तर? ट्रकवाले घेतात, पोस्टमन घेतो, उधारीवाला घेतो. तुझ्या एकटीच्याच जिभेला काय झालंय?"

"जीभ माझी हाय," आई म्हणाली. "तू सांग."

परुळेकर हसला. मला हसू आलं नाही. कारण तिचं स्वतःचं नावही तिचं नव्हतं. माहेरी ती हौसा. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, आज्जीनं नाव सांगितलं, आबांनी बोटानं तांदळात 'इंदुमती' लिहिलं, आणि हौसा नावाची पोर त्या दिवशी संपली. कुणी रडलंही नाही. आईला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं आपलं काय केलंय हे तिला बघूनही कळलं नाही, दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. माझ्या लग्नात ते ताट आलं, तेव्हा मी नवऱ्याचं बोट धरून 'कला' लिहायला लावलं. सासूनं तिथंच डोळे वटारले. त्या घरात मी फार टिकले नाही. नाव टिकलं.

"त्यास्नी इचार, वर यायचं का," आई म्हणाली.

"तिला सांग, ट्रकाच्या टपापेक्षा वर मी कदी चढलेलो न्हाई. तुमी जावा. मी खालीच बसतो."

गोल गोल दगडी पायऱ्या, आईचे गुडघे, माझा दम. परुळेकर मागं होता. वर गेलो तर वाऱ्यानं पदर उडवायलाच घेतला. तीन बाजूंना समुद्र आणि पाठीला गावाकडची छोटी पुळण, वाळूची पट्टी. पुळणीवर सहलीची माणसं होती, घोळक्या-घोळक्यानं. पुळणीपासून थोडं सुटून पाण्यात एक सपाट खडक होता, ओहोटीला चालत जाता येईल असा. त्याला खडप म्हणतात. खडपाला लागून एक रंगवलेली होडी बांधली होती.

आईनं दिव्याच्या भिंगाला हात लावता लावता थांबून विचारलं, "ह्यो दिवा बोटीला हाक मारतो व्हय?"

"हाक नाय मारणा," परुळेकर म्हणाला. "पण बोटवाल्याक नाव सांगूक लागना नाय. उघडझाप बघली की समाजता, ही वाघखडपची. परत्येक बत्तीची उघडझाप येगळी."

आईनं विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं. "बग. नाव न घेता वळखत्यात."

"तो दगड आहे, आई. तू माणूस आहेस."

ती हसली. निघाल्यापासून पहिल्यांदा. परुळेकर पलीकडच्या बाजूला गेला, तशी कठड्याला टेकून म्हणाली, "कले, मी काय रागानं निघाले न्हाई. राग चार दिस टिकतो. मला वाटलं हुतं, म्हातारपणी तरी एकदा लिवतील. मोठ्या अक्षरात. मला वाचाय येत न्हाई. पर वर माजं नाव हाय, एवढं मला ठावं असतं. बास झालं असतं मला."

मी तिचा उडणारा पदर धरून तिच्या खांद्यावर नीट बसवला.

"ते कुठं गेलं?" आई एकदम म्हणाली.

बसपाशी आबा नव्हते. मी पुळणीवर नजर फिरवली. आईला आधी दिसले. खडपावर, पांढरा सदरा, होडीपुढं उकिडवे बसलेले. होडीवर काहीतरी लिहिलं होतं आणि आबा ते बघत होते. रस्त्यात कुठंही अक्षर दिसलं की थांबून त्याची वळणं बघायची त्यांची जुनी खोड.

परुळेकर धावत आला. "त्या खडपार कोण गेलो तो? भरती लागली! मागली घळ भरता आता! बोलवा तेका, लगेच बोलवा!"

तेव्हा मला दिसलं. खडप आणि पुळण यांच्यामधल्या घळीत पाणी शिरत होतं. आबांच्या पाठीमागं. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि आम्ही मिरजेची माणसं, पोहायला येणार कुठनं?

मी ओरडले, "आबा! ओ आबा!"

वारं आमच्या पाठीकडून पुळणीकडं होतं. हाक पोचली. आबांनी वर बघितलं, हात हलवला. 'पोचलीस व्हय वर, शाब्बास,' असा. आणि पुन्हा होडीकडं वळले.

परुळेकर पायऱ्यांकडं पळाला. आईनं मला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि निघाल्यापासून तोंडात दाबून ठेवलेला सगळा आवाज काढून ओरडली,

"अहो!"

पुळणीवरच्या झाडून सगळ्या पुरुषांनी वर बघितलं. भेळ खाणाऱ्यानं बघितलं. पोराला खांद्यावर घेतलेल्यानं बघितलं. पाण्यात डुंबत बसलेले दोघं-तिघं ताठ उभे राहिले. एकानं तर तिथूनच "काय गं?" म्हणून विचारलं. प्रत्येकाला वाटलं, आपलीच.

आबांनीही बघितलं. आणि मान खाली घातली. त्यांच्या बायकोचा अबोला होता. ही दुसऱ्या कुणाची तरी बायको असणार.

"अहो! अहो, मागं बगा!"

सगळे पुरुष मागं बघायला लागले. आबा सोडून.

मी आईच्या तोंडाकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. उभ्या संसारात जे एकदाही बाहेर काढलं नाही, ते घशात अडकलं होतं. खाली घळीत फेस आला. मी तिचा दंड धरला. तिनं हात झटकला, डोळे मिटले, आणि पहाटेच्या ट्रकवाल्यासारखी बोंब ठोकली.

"ओ तातोबा पेंटर! गाडी थांबलीया!"

आबा उठले. विचार करून नाही, अंगानंच उठले. अड्ड्यावर उठायचे तसे. दोन पावलं पळाले आणि मग थबकले. वळून वर बघितलं. एवढ्या उंचावरनं मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण तो पांढरा सदरा खडपावर खांबासारखा उभा राहिला.

"बगताय काय!" आई ओरडली. "पाणी आलंय मागं! तातोबा पेंटर, पळा!"

आता त्यांना घळ दिसली. उतरले. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत पाणी. एक लाट आली आणि ते आडवे झाले. आईच्या घशातनं कसला तरी आवाज निघाला, तो मला लिहिता येत नाही. मग 'काय गं' म्हणणारा तो बाप्या आणि भेळ खाणारा पाण्यात घुसले, त्यांनी आबांना बखोटीला धरून ओढलं. वाळूवर आणून सोडलं.

आबा उठून उभे राहिले. सदरा अंगाला चिकटलेला, एक पाय अनवाणी. श्वास लागलेला. आणि त्या माणसानं पहिलं काय केलं असेल? स्वतःकडं बघितलंच नाही. वर बघितलं. आई कठड्यावर पोटापर्यंत वाकली होती. आबांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या पुळणीला ऐकू जाईल असं ओरडले,

"हौसा! मागं सरक! पडशील, हौसा!"

आई मागं सरकली. कठडा सोडून भिंतीला टेकली. डोक्यावर पदर नव्हता, वाऱ्यानं केस सुटले होते. मग म्हणाली, "मेल्यांनी सगळ्या गावासमोर नाव घेतलं." आणि पदरानं तोंड पुसायला लागली. पुसणं काही संपेना.

खाली आलो. आबा बसच्या पायरीवर बसले होते, अंगावर परुळेकरचा टॉवेल. आई समोर उभी राहिली. मी सवयीनं मधे जाऊन उभी राहिले, तर दोघांनीही मला हातानं बाजूला केलं.

"पोहता येत न्हाई, आणि तिकडं कशाला कडमडला?"

"होडीवरचं अक्षर बगत हुतो."

"कुणाच्या बायकोचं नाव हुतं?"

"देवीचं हुतं गं."

"आणि ते हौसा कुठनं आलं तोंडात?"

"तोंडातच हुतं," आबा म्हणाले. "लगीन झाल्यापासनं."

"मग लिवलं का न्हाई?"

"कुठलं लिवू?" तोच प्रश्न. फक्त या वेळी तो योग्य माणसाला विचारला गेला. "इंदुमती माज्या आईनं ठेवलेलं. ते लिवलं तर आईचा हुकूम कपाळावर लिवल्यागत. आणि हौसा तर मीच पुसलं. ह्या बोटानं." त्यांनी बोट दाखवलं, गार पाण्यानं सुरकुतलेलं. "पुसलेलं नाव तुला न इचारता परत कुठल्या तोंडानं लिवायचं?"

"मग इचारायचं हुतं."

"तू अबोला धरलास."

"अबोला परवा धरला. त्याच्या आधी काय तोंडात ब्रश हुता?"

आबांनी विचार केला. "व्हय," म्हणाले. "हुता."

मी हसले. आई हसायची नाही म्हणून ओठ दाबून उभी राहिली, आणि मग तिच्या नाकातनं हसू फुटलं.

"लिवा," ती म्हणाली.

"कुठलं?"

"आता तिथनं बोंबललात ते. पुन्ना इचारू नगा."

उजेड होता तोवर आबांनी काम उरकलं. ओल्या धोतरानं बॉनेटवर चढले. पिवळ्यावर लाल, कुंकवाचा लाल. आधी खडूनं रेघा, मग भरणं. पुळणीवरची माणसं घरी जायची थांबून बघत उभी राहिली. आई खाली, हाताची घडी घालून, प्रत्येक फटकाऱ्यावर नजर ठेवून.

"वाच," तिनं मला सांगितलं.

"हौसा."

"पुन्ना वाच."

"हौसा."

आबांनी बारीक ब्रश घेतला आणि कोपऱ्याकडं वाकले, नेहमीसारखी सही करायला.

"खाली सही नगं," आई म्हणाली.

आबांचा हात थांबला. "का गं? माजं काम हाय."

"आसू दे. ते मी सांगीन."

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला मंजुळामावशीकडं जेवलो. मावशीला वाचता येतं. ती अंगणात आली, वर बघितलं आणि "अगं हौसे!" म्हणून किंचाळली. आईनं पिशवी गाडीतनं काढलीच नाही. टाक मिरजेच्या देव्हाऱ्यात परत बसला. घरी आल्यावर आई पुन्हा 'अहो'वर आली, आबा पुन्हा 'अगं'वर. मला वाटलं होतं जग बदललं. तसलं काही झालं नाही. मी चिडले, नेहमीसारखी.

आबा जाऊन आता तीन वर्षं झाली. गाडी आमच्या दारात लिंबाखाली उभी असते. मी अजून ती चालवते. लाटा फिक्या पडल्यात, मोराची पिसं उडालीत, कपाळ मात्र तसंच लाल आहे. जाणारा-येणारा एखादा थांबतो, वर बघतो, मग सवयीनं खाली कोपऱ्यात सही शोधतो. तिथं नुसता पिवळा रंग.

"काय झकास अक्षर आहे हो," म्हणतो. "कुणाच्या हातचं?"

मी दारात असले तरी गप्प बसते. आई निवडायचं सूप बाजूला ठेवते, डोक्यावरचा पदर नीट करते, आणि पार रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सांगते,

"तातोबा पेंटर, मिरज."